पक्क्या पाण्याची बॅटरी

"काटा वर काब येत नही व माय?" भटू स्वतःशीच पुटपुटला आणि त्याने काचेची नळी बॅटरीच्या तिसऱ्या तोंडात पुन्हा बुडवली. रबरी फुगा दाबून सोडला. पाणी नळीत चढलं, पण बॅटरीत दम असला की वर चढणारा आतला तरंगता काटा तळाशीच बसून राहिला, रुसलेल्या जावयासारखा. चौथं तोंड झालं, पाचवं झालं, सहावं झालं. सगळीकडे तीच रड.

तळोद्याच्या जुन्या डाळमिलच्या गोदामात घरगाडी उभी होती आणि तिच्या मागच्या बाकाखाली ही बॅटरी होती. भटू या गाडीचा ड्रायव्हर. काविळीने दोन महिने अंथरूण धरलेला हा माणूस आज पहिल्यांदा कामावर आला होता, आणि जिच्या काळजीने तो अंथरुणात कूस बदलत होता त्या बॅटरीने पहिल्याच दिवशी त्याला हे रूप दाखवलं होतं.

"कशी शे मन्ही बॅटरी?" मागून अनोखीबाईंनी विचारलं.

अनोखीबाई म्हणजे गाडीच्या मालकीणबाई, चंपालालशेठच्या पत्नी. शेठ जाऊन चार वर्षं झाली. बाजारपेठेतलं भुसाराचं दुकान आता मुलगा पारस बघतो. सत्तरी ओलांडलेल्या बाई गोदामाच्या दारात स्टूल टाकून, हातात माळ धरून बसल्या होत्या. आपला पहिला नंबर येणारच, अशा खात्रीने त्या निकालाची वाट बघत होत्या. त्यांचा 'मन्ही' भटूच्या कानाला लागला. तो आजारी पडेपर्यंत ती 'भटूनी बॅटरी' होती.

"शे, बरी शे," भटू म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे ते त्याला धड जमलंही नाही. पण बाई खूश झाल्या.

या घरगाडीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. चंपालालशेठ काही हौसेने फिरणाऱ्यातले नव्हते. सुरतेला गेले तरी संध्याकाळी परत दुकानाच्या गादीवर. पण त्यांची मुलगी चांदनी हिने ऐन बाविशीत जैन दीक्षा घेतली. घरातली लाडकी पोर महासती चारुप्रभाजी झाली आणि आपल्या गुरुणींबरोबर गावोगाव अनवाणी विहार करू लागली. तेव्हा शेठनी एक जुनी प्रवासी गाडी घेतली, आतल्या खुर्च्या काढल्या, दोन बाकं बसवली, शेगडी, पाण्याची टाकी, पंखा, दिवे, सगळा संसार तिच्यात मांडला. महासती चाकाच्या वाहनात पाऊल ठेवत नाहीत, तेव्हा गाडी त्यांच्यासाठी नव्हतीच. ती सोबत जाणाऱ्या माणसांची होती. "सोबत जाणाऱ्यांत आईबापांनी नसावं असं कोणी सांगितलंय?" असं शेठ विचारायचे, आणि उत्तराची वाट न बघता भटूला गाडी काढायला लावायचे.

भटूने चांदनीला दुकानाच्या टेम्पोतून शाळेत सोडलेलं होतं, दीक्षेच्या मिरवणुकीत तिच्या पुढचा रथही त्यानेच चालवला होता. त्यानंतरच्या अठरा वर्षांत जेव्हा जेव्हा महासतींची वाट या भागातून गेली तेव्हा घरगाडी पुढच्या मुक्कामी जाऊन उभी राहिली. महासती चालत यायच्या, आईबाप मुलीला वाकून वंदन करायचे, ती सगळ्यांना म्हणते तसं त्यांनाही "दया पाळो" म्हणायची आणि नजर खाली करून पुढे निघायची. एवढंच. एवढ्यासाठी शेठ आणि बाई रस्त्याच्या कडेला दिवस दिवस बसायचे, आणि आम्हाला काही कमी पडलं असं त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकलं नाही.

चातुर्मासात महासती चार महिने एकाच गावात राहतात. मग घरगाडी गोदामात, आणि उभ्या गाडीत सगळ्यात जास्त हाल बॅटरीचे. गाडी ठेवली की काळी वायर सोडवून ठेवायची, नाहीतर घड्याळ आणि कायकाय मिळून तिला गुपचूप पीत राहतात. पंधरवड्याने चार्जर लावायचा. वायर जोडायच्या टोकांवर पांढरी बुरशी आली की कोमट सोड्याच्या पाण्याने धुऊन व्हॅसलीन फासायचं. पाणी कमी झालं तरच घालायचं, तेही बाटलीतलं डिस्टिल वॉटर. हे सगळं भटूचं काम होतं, आणि तो ते घरातल्या म्हातारीचं औषधपाणी करावं तसं करायचा.

गेल्या वर्षी बाईंनी त्याला विचारलं होतं, एवढं काय करतोस हिचं? भटू तेव्हा रंगात होता.

"बाई, बॅटरी बी जैनच शे," तो म्हणाला होता. "गैरा दिन उपाशी ऱ्हायनी ते मरी जास, रोज खाई खाई ते बी मरी जास. पंधरा दिनमा एक पारणं. आनि कच्चं पानी ते पेतच नही."

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. भटूनेही हा विनोद नंतर चार ठिकाणी सांगून स्वतःचं कौतुक करून घेतलं होतं. आज तोच विनोद त्याच्या गळ्यात येऊन पडत होता.

"पानी तुम्ही टाकं का, बाई?" त्याने हळूच विचारलं.

"मंग? तू मांदा पडेल, पारसले दुकानमाईन फुरसत नही. रोज सकायले मी येऊ ना. पयले उकाळं, मंग गाळं, थंडं करं, मंग झारीवरी भरं. महासतीजीसले देतस तसंच पक्कं पानी. एक बी दिन खाडा पडना नही."

तळोद्याच्या बोअरचं पाणी असं की पातेल्यात चार दिवस उकळलं की तळाला चुन्याचा थर बसतो. उकळून जंतू मरतात, क्षार कुठे जाणार? उलट पाणी आटतं आणि क्षार दाट होतात. बॅटरीला हवं असतं वाफ धरून केलेलं पाणी, आणि बाईंनी तिला दोन महिने रोज, भक्तिभावाने, क्षारांचं तीर्थ पाजलं होतं. तेही काठोकाठ. जास्तीचं बाहेर सांडताना आतलं अॅसिड घेऊन सांडलं होतं. बाकाखालचा पत्रा गंजून खपल्या धरत होता.

मग त्याची नजर बाईंच्या पदराकडे गेली. पांढऱ्या सुती लुगड्याच्या पदराला बारीक बारीक भोकं पडली होती, चाळणीसारखी.

"लुगडाले काय व्हयनं, बाई?"

"उंदरं, दुसरं काय. गोदाममा उंदरं व्हयी गयात. तीन लुगडा खादात." बाईंनी पदर झटकला. "खाऊ दे बिचारासले. त्यासले बी पोट शे."

भटूने बॅटरीची सहाही झाकणं एकेक करून घट्ट लावली. झाकणं लावायला खरं तर एवढा वेळ लागत नाही.

त्याला सांगता आलं असतं. पण ज्या बाईमुळे आपण आज दोन पायांवर उभे आहोत तिला कोणत्या तोंडाने सांगणार? भाद्रपदात त्याचे डोळे पिवळे झाले तेव्हा त्याच्या गावी, कळसाडीत, त्याला आधी झाडपाला पाजला, मग गळ्यात काविळीची माळ घातली. माळ लांबत जाईल तशी कावीळ उतरेल म्हणून सगळे माळेकडे बघत बसले. माळ लांबली, भटू आखडला. अन्न बघितलं तरी त्याला ढवळायचं. कुठून तरी कळलं आणि एक दिवस दारात गाडी थांबली. अनोखीबाई घरात आल्या, खाटेपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माळ ऱ्हाऊ दे गळामा, भटू. पन आते मन्हासंगे दवाखानामा चाल." नंदुरबारच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून चार दिवस गेले असते तर हातचा गेला होता. बाई रोज येत. पेशंटला उकळलेलंच पाणी द्या असं तिथल्या सिस्टरने सांगितलं, तेव्हा बाईंना केवढा आनंद झाला. "हाई काम मन्हं," त्या म्हणाल्या, आणि घरून कळशी भरून पक्कं पाणी आणू लागल्या. त्या पाण्यावर भटू बरा झाला. आता तेच पाणी बॅटरीला बाधलं, यात बाईंचा काय दोष?

तेवढ्यात पारस आला. पंचेचाळिशीचा, अंगाने भरलेला, सदा घाईतला.

"भटूभाऊ, बरं शे ना आते? मंग आज रातले ट्रायल. मशीन बॅटरीवर चालाडूत. मी सोता आठे बसस."

हे काय प्रकरण होतं ते भटूला ठाऊक होतं. बाईंचा श्वास झोपेत अडकतो, म्हणून रात्री नाकाला मास्क लावून एक मशीन चालवावं लागतं. गेल्या वर्षी विहारात एका खेड्यातल्या शाळेत मुक्काम होता. मशीन शाळेच्या बोर्डाला लावलं होतं, मध्येच लाईट गेली, मशीन बंद. उजाडायच्या आत पारसला धावत यावं लागलं होतं. आईचे निळे पडलेले ओठ त्याने पाहिले आणि तो हबकला. गाडी विकायची, असं त्याने तेव्हाच ठरवलं. सुरतेचा एक जण दोनदा बघूनही गेला होता. पारस वाईट नव्हता, घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या मुलापुढे आईचं काही चालत नाही.

पण या वर्षी महासतींचा चातुर्मास नंदुरबारला होता. पौर्णिमा झाली की त्या तळोदा, अक्कलकुवा करत गुजरातेत आणि पुढे राजस्थानात जाणार होत्या. गुरुणी थकल्या होत्या, तिकडेच स्थिरावणार होत्या. चारुप्रभाजी पुन्हा खान्देशात येतील न येतील, आणि आल्या तरी तोवर बाई असतील की नाही. बाई पारसपुढे रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की सीमेपर्यंत जाऊ दे, मग गाडीचं काय ते कर. पारसने अट घातली: मशीन रात्रभर बॅटरीवर चालून दाखवलं पाहिजे. मध्ये बंद पडलं तर जाणं रद्द. पौर्णिमा आता परवावर आली होती.

"चाली ना रातभर?" पारसने विचारलं.

"चाली," भटू म्हणाला. सकाळपासूनचं हे दुसरं खोटं. "मी जरा डिस्टिल वॉटर लई येस. टेम्पो लई जाऊ का?"

सगळे पांगल्यावर त्याने हमालांकडून जुनी बॅटरी टेम्पोत चढवून घेतली. टेम्पो त्याने डिस्टिल वॉटरच्या दुकानावरून तसाच पुढे नेला आणि कळसाडीचा रस्ता धरला. नवी बॅटरी आणायची तर पारसला सांगावं लागणार, आणि सांगितलं की आईने काय केलं तेही निघणार, म्हणजे जाण्याचा विषयच मिटला. वाटेत बाजारातच बॅटरीवाल्या दोधूला त्याने आजारी बॅटरी दाखवली. दोधूने झाकण उघडून आत बघितलं आणि भटूकडे असं बघितलं की जणू भटूने म्हशीला गोडेतेल पाजलंय.

"जीव शे," तो शेवटी म्हणाला. "धुईसन नवं अॅसिड भरनं पडी. आठ दिन ठेवी जा. पन कोन्ही करं हाई?"

"देवमानूसनी," भटू म्हणाला आणि टेम्पोत बसला.

घरी शांतीबाई ओट्यावर बसून वेचून आणलेल्या कापसातला कचरा काढत होती. नवरा आल्या आल्या घरात शिरला आणि इन्व्हर्टरची बॅटरी सोडवू लागला, तशी ती दारात येऊन उभी राहिली. ही बॅटरी मुलाने, धीरजने, गेल्या उन्हाळ्यात घेतली होती. लाईट गेली की गल्लीत फक्त त्यांच्याच घरात उजेड असायचा, आणि शांतीबाईला त्याचा किती अभिमान होता हे गल्लीला चांगलंच माहीत होतं.

"हाई काय करी ऱ्हायनात? आजच घर उजाडनं का तुम्हले?"

भटूने हातातला पाना खाली ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. पक्कं पाणी, उंदरांनी खाल्लेली लुगडी, आज रात्रीची परीक्षा. शांतीबाई आधी हसली. मग तिचं हसू विरलं.

"बाईले सांगं नही?"

"कसं सांगू? तूच सांग."

दवाखान्यात एका रात्री कुंकवाकडे हात नेऊन शांतीबाई देवाला काय काय बोलली होती ते तिने नवऱ्याला कधीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाई कळशी घेऊन आल्या तेव्हा ती त्यांच्या पायावर पडली होती, तेही नाही.

"लई जा," ती म्हणाली. "दिवाळी ते व्हयी गयी. अंधार पडना ते लवकर झोपसूत. ती बाई उनी नसती ते हाई घर अंधारंच व्हतं."

बॅटरी जड होती आणि भटूच्या अंगात अजून त्राण नव्हतं, म्हणून शेजारचे दोघे बोलावले. टेम्पो निघाला तेव्हा शांतीबाईने मागून ओरडून सांगितलं, "वायर उलटी नका लावा, घाईमा!" बत्तीस वर्षं गाडी चालवलेला ड्रायव्हर, पण बायकोपुढे काय उपयोग?

ट्रायलच्या रात्री भटू घरी गेलाच नाही, दुकानाच्या ओट्यावर पडून राहिला. सकाळी तो गोदामापाशी आला तेव्हा पारस बाहेर दात घासत उभा होता. डोळे लाल झालेले. भटूला बघून त्याने तोंड धुतलं, रुमालाने पुसलं, आणि एकदम दोन्ही हात जोडले.

"रातभर चालनं, भटूभाऊ. एक डाव बी अटकनं नही. आई असी झोपनी, असी झोपनी… मीच जागी ऱ्हायंतू. लई जा तिले. तू शे म्हनीसन लई जा म्हनस."

आयुष्यभर गिऱ्हाइकाशी घासाघीस केलेला हा माणूस असा हात जोडून उभा राहील असं भटूला वाटलं नव्हतं. "हां, शेठ," एवढंच तो म्हणाला.

पारस दुकानाकडे गेला आणि इकडे बाई झारी घेऊन आल्या. नेहमीची वेळ होती ती. भटू आडवा येईपर्यंत त्या गाडीत चढून बाक उचलून बसल्याही. आत वेगळीच बॅटरी होती. खेड्यात चोरीच्या भीतीने लिहितात तसं तिच्या अंगावर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: धीरज भटू, कळसाडी.

बाईंनी ते दोनदा वाचलं.

"मन्ही बॅटरी कोठे शे?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, आणि तिसरं खोटं भटूला पेलवलंही नसतं. तो गाडीच्या पायरीवर बसला आणि त्याने सांगितलं. मुद्दाम हळूहळू सांगितलं, आपल्या त्या विनोदाचं आधी सांगितलं, म्हणजे दोष निम्मा तरी आपल्याकडे यावा. बाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी पदर उचलून उजेडात धरला.

"मंग हाई उंदरं नहीत?"

"नही, बाई. अॅसिड."

"अरेरे. फुकट नाव लिधं त्यासनं."

त्यांनी झारी खाली ठेवली. उठून उभ्या राहिल्या, गाडीच्या छताला डोकं लागू नये म्हणून जरा वाकल्या, आणि भटूपुढे हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडं, भटू."

संवत्सरीला जैन माणूस ओळखीच्या प्रत्येकाला हेच म्हणतो: जाणता अजाणता दुखावलं असेल तर क्षमा असावी. भटूने ते तीस वर्षांत शेकडो वेळा ऐकलं होतं, सवयीने हात जोडून परतही केलं होतं. पण असं, एवढ्या जवळून, आपल्यासाठीच म्हटलेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं. तो पायरीवरून उठला तो धडपडलाच.

"हात नका जोडा, बाई. तुम्ही बॅटरीले पानी पाजं, तेच पानी मले बी पाजं. बॅटरी मांदी पडनी, मी उठीसन बसनू. आते मी रडू का हासू, तुम्हीच सांगा."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. आणि त्या हसल्या, गेल्या वर्षीसारख्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. फक्त या वेळी पाणी आधी आलं होतं.

"तुन्हं घर अंधारमा शे आनि मी मजामा जाऊ?" त्या म्हणाल्या.

"शांतीनीच सांगं, लई जा. तुम्ही नही गयात ते ती मले घरमा घेवाव नही."

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी महासती नंदुरबारहून निघाल्या आणि घरगाडीही निघाली. रोज तेच. गाडी पुढच्या मुक्कामी जायची, सावली बघून उभी राहायची. बाई दारात बसायच्या. रस्त्याच्या टोकाला पांढऱ्या आकृत्या दिसल्या की उठून पदर सारखा करायच्या. सगळ्यात मागच्या चारुप्रभाजी. पायाखाली जीव येऊ नये म्हणून त्यांची नजर कायम चार हात पुढच्या जमिनीवर. बाई वाकायच्या, "दया पाळो" ऐकायच्या, आणि दिवसभर त्या दोन शब्दांवर तृप्त असायच्या. रात्री महासती शाळेच्या खोलीत, गाडी पटांगणात. सगळं गाव निजलं की त्या जुन्या मशीनची घरघर तेवढी पटांगणभर ऐकू यायची. भटू बाहेर खाटेवर पडून ती ऐकत ऐकत झोपी जायचा. घरघर चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे.

सहाव्या दिवशी खापर गाव ओलांडून ते सीमेवर पोचले. पलीकडच्या गावांतली माणसं महासतींना घ्यायला आली होती. पुढची सोबत त्यांची. सूर्य वर आला तेव्हा गुरुणींनी सगळ्यांना मांगलिक म्हणजे मंगलपाठ ऐकवला. बाई मुलीपुढे वाकल्या, गुडघ्यांवर, कपाळ जमिनीला टेकवून, आणि त्या उठायच्या आत सगळ्या जणी चालू लागल्या होत्या. बाई गाडीत जाऊन बसल्या. त्यांनी काच खाली केली नाही.

भटू गाडीच्या पुढे, रस्त्याच्या मोरीपाशी, रेडिएटरमध्ये पाणी ओतत होता. महासती त्याच्या बाजूने गेल्या. त्याने हात जोडले. शेवटच्या चारुप्रभाजी त्याच्यापाशी येऊन थांबल्या. नजर जमिनीवरच.

"भटूभाऊ."

भटूच्या हातातून पाण्याचा डबा कलंडला. दीक्षेनंतर त्या त्याच्याशी बोलल्या असतील तेवढ्या प्रवचनातल्या हिंदीत, आणि असं नाव घेऊन तर कधीच नाही.

"ते मशीन रातले एक डाव बी बंद पडनं नही," त्या म्हणाल्या.

"नही, महासतीजी."

"मले आवाज यी ऱ्हायंता. रोज. म्हनीसन झोप लागनी."

एवढं बोलून त्या निघाल्या. पाऊल पहिल्यासारखंच, ना घाई ना रेंगाळणं. पुढच्या वळणावर बाभळी होत्या, त्यांच्याआड ते पांढरं वस्त्र दिसेनासं झालं. भटू तिथेच उभा होता. अठरा वर्षं अनोखीबाईंनी या पोरीकडून काही मागितलं नव्हतं, आणि जे मागितलं नव्हतं ते ती आज त्याच्यापाशी ठेवून गेली होती. आपण जगलो ते बरं झालं, असं त्याला अगदी स्पष्ट वाटलं.

त्याने डबा उचलला, बॉनेट लावलं, येऊन गाडीत बसला आणि गाडी वळवली. बाई बाकावर मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या.

"तठे थांबन्यात त्या," बाई म्हणाल्या. "काय बोलन्यात?"

भटूने सांगितलं. एक शब्द इकडे नाही, एक शब्द तिकडे नाही.

त्याने आरशात बघितलं नाही. रस्त्यावर एक बैलगाडी होती, तिच्यामागे तो सावकाश जात राहिला.

"हिंदीमा बोलन्यात?"

"नही, बाई. आपली बोलीमा. भटूभाऊ म्हनन्यात मले."

"भटूभाऊ म्हननी," बाई म्हणाल्या. खिडकीची काच त्यांनी आता खाली केली होती, वाऱ्याने पदर उडत होता आणि त्या तो आवरत नव्हत्या. मग थोडं पुढे वाकून, लहान पोराने गोष्ट मागावी तसं त्या म्हणाल्या, "आखो एक डाव सांग ना, भटू. पयलेपाईन सांग."

भटूने पहिल्यापासून सांगितलं. अक्कलकुवा मागे पडलं तेव्हा तो ते तिसऱ्यांदा सांगत होता, आणि बाई ते पहिल्यांदाच ऐकत होत्या.